जिताड्याची पिल्ले कोरड्या खाद्यावर कशी आणावीत?

प्रश्न (अलिबाग तालुक्यातील शेतकरी): जिताड्याचे (खाडीतला शिकारी मासा) दीड सेंटिमीटरचे बीज, म्हणजे पिल्ले, आणून टाक्यांत सोडले. तीन दिवस आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक जिवंत जीव) दिला, चौथ्या दिवशी तो बंद करून दाणेदार खाद्य सुरू केले. पिल्ले खाद्याला तोंड लावत नाहीत. रोज संख्या घटते, पण मेलेली तेवढी दिसत नाहीत. खाद्य खराब आहे का?

उत्तर: मेलेली दिसत नाहीत आणि संख्या घटते, म्हणजे मोठी पिल्ले लहानांना गिळत आहेत. जिताडा स्वतःच्या निम्म्या लांबीहून मोठे भावंडही गिळतो, आणि उपाशी असला की जास्तच. त्यामुळे खाद्याचा दर्जा नंतर बघू. आजच आर्टेमिया पुन्हा सुरू करा आणि पिल्ले चाळून लहान, मध्यम, मोठी अशा वेगळ्या टाक्यांत सोडा. ही चाळणी दर तीन-चार दिवसांनी करावीच लागते. कंटाळवाणे काम आहे, पण बीज वाचते ते यानेच.

आता खाद्याचे. जिताड्याचे पिल्लू डोळ्याने शिकार करते. हलते ते खायचे, हे त्याच्या अंगातच आहे. तळाला गेलेला दाणा ते सहसा उचलत नाही. म्हणून मूठभर खाद्य एकदम टाकू नका. पहाटे पिल्ले भुकेली असतात, तेव्हा टाकीजवळ उभे राहून चिमूट चिमूट सोडा. दाणा हळूहळू बुडत असतानाच पिल्लू झडप घालते. सुरुवातीला ते दाणा तोंडात घेऊन थुंकेल. घाबरू नका, दोन-तीन दिवसांत गिळू लागते. अर्ध्या तासाने नेहमीचा आर्टेमिया द्या. कोरडे आधी, जिवंत नंतर, हा क्रम उलटा झाला तर पोट भरलेले पिल्लू दाण्याकडे बघतही नाही.

तीन दिवसांनी सकाळचा आर्टेमिया बंद करा, मग दुपारचा, संध्याकाळचा सगळ्यात शेवटी. एकूण आठ-दहा दिवस लागू द्या. पिल्ले शिकली का, हे पांढऱ्या वाडग्यात काढून पाहा: आर्टेमिया खाल्लेल्याचे पोट नारिंगी दिसते, खाद्य खाल्लेल्याचे तपकिरी. निम्म्याहून जास्त पोटे अजून नारिंगी असतील तर पुढची पायरी दोन दिवस लांबवा.

खाद्य सागरी मासळीच्या पिल्लांचेच घ्या, प्रथिने ४५ टक्क्यांच्या वर हवीत. कोळंबीचे खाद्य लगेच तळाला जाते, ते इथे चालत नाही. दाणा तोंडात मावेल एवढाच असावा. या आकाराला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा बघा. घरच्या घरी ताजा जवळा बारीक वाटून देणारेही आहेत. पिल्ले तो आवडीने खातात, पण पाणी फार लवकर नासते. कोरड्या खाद्याचाही उरलेला गाळ दिवसातून दोनदा सायफनने काढा, नाहीतर अमोनिया वाढून शिकलेली पिल्लेही जातील. हवा रात्रीही चालू ठेवा.

सगळी पिल्ले दाण्यावर आली की मगच तलावातल्या हाप्यात (बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) हलवा. तिथेही पहिला आठवडा ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी आणि तसेच चिमटीने खाद्य द्या.