आठवीच्या वर्गात आशिया शिकवताना

ठाणे (पश्चिम)

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवीच्या वर्गासाठी ‘आशियातील संस्कृती’ हा वर्षभराचा उपक्रम नेरूळच्या तुझ्या शाळेने तुझ्याकडे सोपवला, हे वाचून मनापासून आनंद झाला. सोबत पाठवलेले वार्षिक नियोजन मी बारकाईने वाचले. दर महिन्याला एका देशाची पाळी, त्या देशाचा झेंडा, पोशाख, एक पदार्थ, एक नृत्य आणि वर्षाअखेरीस स्नेहसंमेलनात सर्व देशांची मिरवणूक, अशी त्याची रचना आहे. ती नीटनेटकी आहे आणि मुख्याध्यापिकांना आवडेलही. तरी ती तू बाजूला ठेवावीस, असे माझे स्पष्ट मत आहे. सॅटिनचा किमोनो घालून मंचावरून फिरून आलेल्या मुलीला जपानमधल्या तिच्याच वयाच्या मुलीबद्दल एकही प्रश्न पडलेला नसतो. वर्षाच्या शेवटी तुझ्या वर्गाकडे चांगले प्रश्न असावेत, एवढेच उद्दिष्ट ठेव आणि नियोजन देशांच्या यादीवरून न करता प्रश्नांवरून कर.

पहिल्या घटकासाठी मी एक साधा प्रश्न सुचवते : शाळा कोण झाडते? जपानमधील बहुतेक शाळांत मुले ठरलेल्या वेळी वर्ग, जिने आणि मोकळ्या जागा स्वतः झाडतात आणि पुसतात. प्राथमिक शाळांत दुपारचे जेवणही मुलेच एकमेकांना वाढतात. याचे व्हिडिओ तुझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असतील आणि जपानी शिस्तीचे कौतुकही ऐकलेले असेल. कौतुकापाशी थांबू नकोस. आपल्या शाळेत वर्ग कोण झाडते, ते काम त्याच व्यक्तीकडे का आले, पूर्वी गावात ते कोणावर लादले जात होते, आपल्या घरी मुलाच्या हातात झाडू दिला जातो की फक्त मुलीच्या, हे विचारल्याशिवाय तो पाठ पूर्ण होत नाही. जपानकडे पाहता पाहता मुलांची नजर आपल्या घराकडे वळली पाहिजे, आणि तिथे जे दिसेल ते सुखद नसले तरी त्याविषयी वर्गात बोलता आले पाहिजे. हे घडवून आणणे अवघड आहे, पण या विषयाचे खरे काम इथेच आहे.

दुसरा प्रश्न दिवंगतांच्या स्मरणाचा घे. आपल्याकडे पितृपक्ष असतो. चीनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या दिवशी कुटुंबे पूर्वजांच्या कबरी साफ करतात. कोरियात छुसॉक या सणाच्या सकाळी पूर्वजांसाठी जेवण मांडले जाते, आणि जपानमध्ये ओबोनच्या दिवसांत, म्हणजे बहुतेक भागांत ऑगस्टच्या मध्यास, लोक मूळ गावी परततात; त्या वेळी तिथल्या रेल्वेला होणारी गर्दी गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या आपल्या गाड्यांसारखी असते. याच घटकात वर्गातील ख्रिस्ती मुले 2 नोव्हेंबरच्या दिवसाविषयी, मुसलमान मुले शब-ए-बरातविषयी सांगू शकतील, मात्र त्यांनी आपणहून सांगितले तरच. सारखेपणा सापडला की मुले खूश होतात आणि तिथेच थांबतात. म्हणून लगेच पुढचे विचार : जेवण कोण रांधते आणि पूर्वजांपुढे कोण मांडते, आजीच्या लहानपणी हे कसे होते, आणि ज्यांना गावी जाता येत नाही ते काय करतात? एका देशाच्या आतही दहा घरांत दहा रीती असतात, हे मुलांना स्वतःच्या वर्गातल्या उत्तरांवरून आधी कळते आणि मग ते कोरियाबद्दलही मान्य करतात.

तुझ्या नियोजनात मला आणखी एक उणीव दिसली. त्यातला आशिया थायलंडपासून सुरू होतो आणि जपानला संपतो. इराण, इराक, अरबस्तान, तुर्कस्तान, इस्रायल, उझबेकिस्तान यांपैकी एकही नाव त्यात नाही. आपल्या मुलांच्या मनातला आशिया हा कोरियन गाणी आणि हिंदीत भाषांतरित जपानी कार्टून यांनी घडलेला असतो, हे मी समजू शकते, परंतु ठाणे-पालघरच्या किनाऱ्याचा जुना संबंध प्रामुख्याने पश्चिमेकडच्या आशियाशी आहे. डहाणू तालुक्यातील चिंचणी इथे सापडलेला, इसवी सन 926 चा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचा ताम्रपट तू अवश्य वाच. तेव्हा संजान परिसराचा कारभार मधुमती या नावाने उल्लेखिलेल्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. त्याने प्रवाशांसाठी विनामूल्य होड्या आणि अन्नछत्र सुरू केले, आणि राजाच्या संमतीने देवीच्या एका मठिकेसाठी जमीन दान दिली. हा ताम्रपट सातवी-आठवीच्या मुलांना सोप्या मराठीत समजावून देता येतो, आणि कोण आपले आणि कोण परके या त्यांच्या तयार उत्तरांना त्याने चांगलाच धक्का बसतो.

मात्र गोड तेवढेच निवडू नकोस. 1321 साली ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती धर्मोपदेशक धार्मिक वादातून मारले गेले. त्यांच्यातला एक जॉर्जियातील तिबिलिसीचा होता. पुढे ओदोरिक नावाचा इटालियन प्रवासी ठाण्यात आला आणि त्यांच्या अस्थी त्याने समुद्रमार्गे थेट चीनमधील छ्वानचौ बंदरात नेल्या. त्या काळी ठाणे एवढ्या मोठ्या जगाशी जोडलेले होते, आणि त्या जगात माणसे एकमेकांना भेटत होती तशी एकमेकांना मारतही होती. सलोख्याच्याच गोष्टी ऐकवल्या तर मोठेपणी पहिला कटू प्रसंग समोर येताच शाळेने आपल्याला खोटे सांगितले, असे मुलांना वाटते.

भूगोलाच्या जोडीने एक सहल तुर्भ्याच्या मसाला मार्केटची ठेव. नेरूळहून ती सोपी आहे. हिंग अफगाणिस्तान आणि इराणमधून येतो, चक्रफूल व्हिएतनाम आणि चीनमधून, लवंगेचे मूळ स्थान इंडोनेशियातील मालुकू बेटे, हे मुलांना व्यापाऱ्यांकडूनच ऐकू दे. त्यानंतर वर्गात एकट्या जायफळावर एक पूर्ण तासिका घे. आपण पुरणात आणि श्रीखंडात जे जायफळ किसून घालतो, ते कित्येक शतके केवळ इंडोनेशियातील बांदा नावाच्या चिमुकल्या द्वीपसमूहात पिकत असे. त्याच्या व्यापारावर एकट्याची मक्तेदारी मिळावी म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीने 1621 साली ती बेटे जिंकली. तिथले बहुसंख्य रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम केले गेले, आणि मळ्यांवर बाहेरून आणलेले गुलाम राबवले गेले. घरातल्या डब्यातली वस्तू आणि एका समाजाचा विध्वंस यांचा संबंध तेरा वर्षांच्या मुलाला समजतो. तो टाळण्याचे काही कारण नाही.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येते. इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती आहे, जपानमध्ये सरस्वतीची पूजा होते, असे संदेश मुलांच्या घरोघरी मोबाइलवर फिरत असतात, आणि त्यातून ‘हे सगळे आपलेच आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. माहितीत तथ्य असते, निष्कर्ष मात्र दुसऱ्या माणसाला पुसून टाकणारा असतो. गणपतीचे चित्र असलेली वीस हजार रुपियाची नोट 1998 ची आहे आणि आता ती चलनात नाही. त्या नोटेवर गणपतीच्या शेजारी एका माणसाचे मोठे चित्र आहे. तो कोण, हे संदेश पाठवणारा कधीही विचारत नाही. ते की हाजर देवांतरा. डच राजवटीत, 1922 साली, त्यांनी योग्यकर्ता इथे देशी मुलांसाठी तामान सिस्वा ही शिक्षणसंस्था उभी केली, आणि त्यांचा जन्मदिवस, 2 मे, इंडोनेशियात राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. नोटेच्या मागे वर्गखोलीचे चित्र आहे. आपल्याच व्यवसायातला एवढा मोठा माणूस समोर असताना आपण केवळ आपला देव ओळखून पुढे जातो, याचे मला खरोखर वाईट वाटते. सरस्वतीचेही तसेच. जपानमध्ये ती बेंझाइतेन झाली, तिच्या हाती बिवा हे तिथले तंतुवाद्य आले, आणि कामाकुरा इथल्या एका देवस्थानात लोक संपत्ती वाढावी म्हणून तिच्या झऱ्याच्या पाण्यात पैसे धुतात. विद्येची देवता धनाचीही देवता कशी झाली, जपानी माणसांना तिच्याकडून काय हवे होते, हा प्रश्न मुलांना पडू दे. देवता इथून गेली हे खरे, परंतु तिथे तिचे जे झाले ते तिथल्या लोकांनी केले.

बुद्धाच्या बाबतीत तुझ्या वर्गात वेगळीच संधी आहे, कारण नवी मुंबईतल्या वर्गात बौद्ध घरांतली मुले असतातच. महाराष्ट्रातल्या अनेक विहारांत थायलंडहून आलेल्या मूर्ती आहेत. बाबासाहेब 1954 साली रंगूनच्या आणि धम्मदीक्षेनंतर नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले होते. या मुलांसाठी म्यानमार, नेपाळ आणि थायलंड हे केवळ पुस्तकातले देश नाहीत.

तरीही कोणत्याही मुलाला त्याच्या समाजाचा किंवा देशाचा प्रतिनिधी म्हणून उभे करू नकोस. सोसायटीच्या वॉचमनचा नेपाळी मुलगा तुझ्या वर्गात असेल. मणिपूरची किंवा दार्जिलिंगची मुलगी असेल. ‘आता तू नेपाळबद्दल सांग’ असे म्हटले की ते मूल सगळ्यांसमोर परके ठरते. ईशान्य भारतातल्या मुलांना चेहऱ्यावरून चिनी म्हणून चिडवणे हा आपल्या शाळांतला जुना रोग आहे. अशा वागणुकीविरुद्ध उपाय सुचवण्यासाठी केंद्र सरकारला 2014 साली बेझबरुआ समिती नेमावी लागली, आणि ईशान्येचा इतिहास अभ्यासक्रमात यावा असेही त्या समितीने सुचवले. तुझ्या तासिकेत असा शब्द उच्चारला गेला तर पाठ तिथेच थांबव आणि त्यावर बोल. त्या दिवशी टाचणातले शिकवणे राहिले तरी चालेल.

चीन शिकवायला तू बिचकते आहेस, असे पत्रावरून जाणवले. पालक काय म्हणतील, ही तुझी भीती अगदीच निराधार नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यापासून सुरुवात कर. ते 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्याच तासिकेत 1962 च्या युद्धाविषयीही सांग. सरकारांमधले वैर आणि माणसांमधला स्नेह ही दोन्ही सत्ये मुले एकत्र पेलू शकतात, आणि पालकांना हेच उत्तर दे.

जपानमधल्या एखाद्या वर्गाशी व्हिडिओवरून बोलण्याचा तुझा विचार उत्तम आहे. तिथली घड्याळे आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतात, त्यामुळे आपल्या सकाळी दहाला तिथे दुपारचा दीड वाजलेला असतो. त्यांनी आपल्याला काय विचारावे असे वाटते, हेही मुलांकडून आधी लिहून घे.

ठाण्यातल्या टेंभी नाक्याजवळचे शाआर हाशामाइम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, 1879 चे आहे. तिथे वर्ग न्यायचा असेल तर व्यवस्थापनाला शाळेच्या पत्राने बरेच आधी विचार, शनिवार आणि त्यांचे सण टाळ, मुलग्यांच्या डोक्यावर टोपी किंवा रुमाल असू दे, आणि आत फोटो काढायचे की नाही हे त्यांनाच ठरवू दे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी आपल्याशी मराठीतच बोलतील, हे मुलांना आधी सांगू नकोस. परवानगी मिळाली की तारीख कळव. मी टेंभी नाक्यावर येऊन थांबेन.

तुझ्या
बाई