प्रश्न तुमचे : आयसीयूतल्या माणसांचं मन

प्रश्न : कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्या १२ खाटांच्या आयसीयूत कोणी दगावलं की ड्यूटी संपल्यावर सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘मनातलं बोला’ म्हणायचे. अर्ध्या सिस्टर टाळायच्या. आता साथीसाठीचा आराखडा नव्याने लिहायचा आहे. हे पुन्हा घालू का?
– इनचार्ज सिस्टर, सोलापूर

उत्तर : घालू नका. प्रसंग ताजा असताना सगळं पुन्हा उगाळायला लावल्याने पुढचा आघातोत्तर ताण (भयंकर प्रसंगानंतर मनात रेंगाळणारा त्रास, पीटीएसडी) टळत नाही, काहींचा तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची ‘नाइस’ ही उपचारांचे निकष ठरवणारी संस्था, दोघींचाही सल्ला असाच आहे. टाळणाऱ्या सिस्टर चुकत नव्हत्या.

त्याऐवजी हँडओव्हरनंतर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवून झाल्यावर, दहा मिनिटं कामाचंच बोला : आज काय जमलं, कुठे अडलं, उद्या काय बदलायचं. कोणी आपणहून रडलं, बोललं तर ऐका, पण फेरी लावून प्रत्येकीला बोलतं करू नका. निघताना मात्र ‘घरी कशी जाणार, घरी कोण आहे’ एवढं प्रत्येकीला विचारा. जिला उत्तर द्यायला वेळ लागतो, तिला दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन भेटा.

मन सांभाळायची खरी जागा रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक आहे. सहा तास पीपीई किटमध्ये राहायचं म्हटलं की बाथरूमला जावं लागू नये म्हणून आधीपासूनच पाणी पिणं बंद होतं. मग शेवटच्या तासाला डोकं ठणकतं, धुरकटलेल्या गॉगलमधून थेंबाथेंबाने औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाचा आकडा दोनदा वाचावा लागतो, आणि चूक झाली तर ती महिनोन् महिने डोक्यात राहते. चार तासांनी बदली द्या. सलग तीनपेक्षा जास्त नाइट नकोत, त्यानंतर दोन ऑफ हवेत. नाइटला २० मिनिटांची डुलकी द्या. जास्त झोपल्यास उठल्यावर गुंगी राहते, म्हणून उठल्या उठल्या औषध भरायला लावू नका. दुसऱ्या वॉर्डातून आणलेल्या सिस्टरची जुन्या सिस्टरशी जोडी लावा. किट घालणं, काढणं, जेवण, सगळं जोडीनेच.

दोन कामं फिरती ठेवा : मरणासन्न पेशंटसमोर नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल धरणं आणि मृतदेह गुंडाळणं. गोड बोलणारी म्हणून रोज एकाच सिस्टरच्या हाती तो फोन जातो, तीच आधी कोलमडते. मृतदेहाच्या बॅगची चेन लावायला मावशी आणि मामाच (वॉर्डातले मदतनीस) असतात. ते कंत्राटी, म्हणून समुपदेशनाच्या यादीत त्यांची नावंच नसतात. ती आधी घाला. खाट किंवा व्हेंटिलेटर कोणाला द्यायचा, हा निर्णय रात्री एकट्या रेसिडेंट (शिकाऊ निवासी) डॉक्टरवर पडू देऊ नका. निकष लिहून ठेवा, दोन सिनिअर डॉक्टरांच्या सह्या घ्या. ‘मी निवडलं’ हे ओझं भीतीपेक्षा जास्त टिकतं.

प्रश्न : कोविड ओसरून वर्षं झाली, तरी मायक्रोवेव्हचा बीप ऐकला की हात गार पडतात. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) उतरताना मॉनिटरचा सूर खाली खाली जातो ना, तो झोपेतही ऐकू येतो. रोज रात्री अल्प्राझोलाम या घबराट कमी करणाऱ्या औषधाची अर्धी गोळी घेते, कोणाला न विचारता. मी एवढी कमकुवत कशी?
– स्टाफ नर्स, ठाणे

उत्तर : इंग्लंडमधल्या ९ आयसीयूंत जून-जुलै २०२० मध्ये ७०९ कर्मचाऱ्यांनी नाव न देता प्रश्नावली भरली. सुमारे ४० टक्क्यांची उत्तरं आघातोत्तर ताणाच्या निकषात बसली, परिचारिकांचं प्रमाण डॉक्टरांपेक्षा जास्त. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, पण कमकुवतपणाचा मुद्दा तिथेच मिटतो.

नको ती आठवण घुसणं, ती टाळण्याची धडपड, सतत कान टवकारलेले राहणं, हे महिन्यापलीकडे टिकलं तर तपासून घ्यावं. वर्षांनीही उपचार लागू पडतात : आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवण हाताळण्याची पद्धत), साधारण ८ ते १२ बैठका. समुपदेशक निवडताना यातलं काय येतं, हे सरळ विचारा. नुसत्या धीराच्या गप्पांनी तो सूर जात नाही. अल्प्राझोलाम हा या आजारावरचा उपचार नाही. पण रोजची गोळी एकदम सोडलीत तर झोप उडेल, घबराट वाढेल, क्वचित फिटही येते. मनोविकारतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने उतरवतील. आपल्याच हॉस्पिटलात दाखवायचा संकोच असेल तर बाहेर दाखवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. ‘मेलेलं बरं’ असं मनात येत असेल तर आजच फोन करा, आणि रात्री एकट्या राहू नका.

प्रश्न : आमचे हे आयसीयूत मामा आहेत. साथ आली की घरी आल्यावर बोलतच नाहीत. खोदून विचारू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नको. आंघोळ, जेवण होऊ द्या, पहिला तासभर प्रश्न नकोत. मग ‘आज फार झालं का?’ एवढंच विचारा. दोन आठवडे झोप नाही, दारू वाढली किंवा ड्यूटीच्या नावाने पोटात गोळा येऊ लागला, तर त्यांच्यासोबत तुम्हीही दवाखान्यात जा.