आधी पूर्वपक्ष, मग भांडण

(वाचकांचे प्रश्न, आमच्या मॅडमची उत्तरं. यावेळी कॉलेजातल्या राजकारणावरच इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात.)

प्रश्न : मॅडम, मी टी.वाय.ला आहे, होस्टेलला राहतो. मी आणि माझा रूममेट फर्स्ट इयरपासून एकत्र, एका डब्यात जेवायचो. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी त्याने होस्टेलच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, मी खाली "अंधभक्त" लिहिलं, त्याने मला "चमचा" म्हटलं, मग बाकीचे पण पडले मध्ये, शेवटी जात निघाली आणि ॲडमिनने ग्रुपच लॉक केला. तेव्हापासून आम्ही फक्त "लाइट बंद करू का" एवढंच बोलतो. परत बोलायला सुरुवात कशी करू? की राजकारण हा विषयच बंद करून टाकू?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : विषय बंद केलास तर काय उरेल, तो लाइटच ना? आधी मला एक सांग, तो व्हिडिओ तू शेवटपर्यंत बघितला होतास का? मला नाही वाटत. म्हणजे तू व्हिडिओला उत्तर दिलंच नाहीस, त्या पोराला दिलंस, आणि तेही सगळ्या होस्टेलसमोर. चारचौघांत कोण माघार घेतो रे, दोघंच असते तर तो कदाचित म्हणाला असता की हां यार, फॉरवर्ड होता, मी पण नीट बघितला नव्हता.

तेव्हा चहाला घेऊन जा त्याला, होस्टेलच्या बाहेर, आणि त्या शब्दाबद्दल सॉरी म्हण. मताबद्दल म्हणू नकोस, ते तुझं आहे, राहू दे. आणि लगेच त्या दिवशीच परत इलेक्शन काढू नकोस प्लीज.

जाता जाता, तुला कोणीतरी नक्की सांगेल की बघ, टिळक-आगरकरांमध्ये मतभेद होते पण मनभेद नव्हते. भाषणात बरं वाटतं हे. १८८२ मध्ये दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते, पुढे 'केसरी'वरून फाटलं, १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला, आणि मग मनभेद पण झाले, चांगले कडवट झाले. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती पुण्यात! म्हणजे पूर्वी सगळे सभ्य होते आणि तुमच्या मोबाइलने बिघडवलं असं काही नाहीये. फरक एवढाच की ते दोघं आपापलं म्हणणं कॉलमच्या कॉलम लिहून मांडायचे, का तेही लिहायचे. तू एका शब्दात उरकलंस.

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. हल्ली कुठल्याशा विद्यार्थी संघटनेच्या मीटिंगला जाते, एकदा मोर्चाला पण गेली. आम्ही शिकायला पाठवलंय हो, पुढारी व्हायला नाही. तिला कसं समजवावं?
— एक पालक, चिंचवड

उत्तर : ताई, काळजी खोटी नाहीये तुमची. आपल्याकडे कॉलेजच्या निवडणुका मारामाऱ्या आणि पैशामुळेच बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर वर्गात ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो प्रतिनिधी, असा कारभार सुरू झाला. मी स्वतः बघितलंय, बिचारी टॉपर पोरगी, तोंडातून शब्द निघत नाही, आणि तिने म्हणे प्राचार्यांकडे पोरांची गाऱ्हाणी न्यायची. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, २०१९ ला घ्यायचं ठरलं पण होतं, तेवढ्यात विधानसभा आली म्हणून पुढे ढकलल्या, मग कोविड. म्हणजे बघा, मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं १९८९ ला, तुमची मुलगी खासदार निवडू शकते, पण वर्गाचा सी.आर. नाही! आणि तुमच्या पिंपरी-चिंचवडला तर मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाच्या हातात. मग मतदान करायचं, निवडून दिलेल्याला जाब विचारायचा, हरलो तरी दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसायचं, याची सवय ह्या पोरांना लागणार कुठे?

धुडगूस घालायचा नसेल तर नियम आहेत की. कॉलेजच्या निवडणुका कशा घ्याव्यात यासाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने लागू केल्यात : उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टर नाही, हाताने रंगवलेलंच, हजेरी ७५ टक्के. (हाताने रंगवायचं म्हटलं की निम्मे हौशे तिथेच गळतात.)

तर मुलीला "जाऊ नकोस" म्हणू नका, ती सांगायची बंद होईल फक्त. त्यापेक्षा विचारा, मोर्चाच्या गाडीचे पैसे कोणी दिले? पोलिस परवानगी होती का? कारण केस झाली तर पासपोर्टच्या वेळी ती झेंगटं तिलाच निस्तरावी लागतात, नेत्याला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या मीटिंगमध्ये ती स्वतःच्याच अध्यक्षाला उलटा प्रश्न विचारू शकते का? विचारू शकत असेल तर जाऊ द्या. नसेल तर तिचं तिलाच कळेल, तुम्ही फक्त प्रश्न विचारून गप्प बसा.

प्रश्न : मी तालुक्याच्या कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे. मुलांनी राजकीय विषयांवर नीट बोलावं असं फार वाटतं, पण प्राचार्य म्हणतात वाद नको. वादविवाद स्पर्धा घेतो तर मुलं पाठ केलेलं म्हणतात आणि करंडक घेऊन जातात. काय करावं?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : सर, स्पर्धेचा नाद सोडा. करंडक आला की मुलं परीक्षकांकडे बघून बोलतात, समोरच्याकडे नाही.

आपल्या शास्त्रार्थाची जुनी पद्धत आहे, आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी तू मांडायचं, आणि तो "हो, हेच म्हणायचंय मला" म्हणाला की मगच तुझं खंडन. मी आमच्या कॉलेजात हे सुरू केलं ते एसटीच्या विषयावर. पहिलं लेक्चर साडेसातला आणि खेड्यांकडची गाडी यायची आठ-दहाला, त्यामुळे निम्मा वर्ग रोज गैरहजर. मुलांचं म्हणणं डेपोवाले माजलेत. एका मुलीला मी डेपोची बाजू मांडायला लावली, तर ती आदल्या दिवशी कंडक्टरला विचारूनच आली! म्हणाली, तीच गाडी रात्री साडेअकराला मुक्कामी पोचते, ड्रायव्हरने झोपायचं कधी? वर्ग गप्प. मग पोरांनी सह्यांचा अर्ज केला, पण तो डेपोला न देता प्राचार्यांना दिला. गाडी होती तशीच राहिली, लेक्चर सव्वाआठला गेलं. प्राचार्यांना पण कळलं की वाद म्हणजे दगडफेक नाही, आणि पुढच्या विषयाला परवानगी मिळाली.

पुढचा विषय मुलांनीच निवडला, आरक्षण. मला घाम फुटला होता खरं सांगते. एका मुलाने समोरच्याचं म्हणणं तीनदा मांडलं आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, "नाही, हे मी बोललोच नाही". चौथ्यांदा जमलं. सगळं गोड झालं असं समजू नका, एक जण मध्येच उठून गेला तो परत कधी आला नाही, आणि मला अजून वाटतं त्याला त्या दिवशी आधी बोलू द्यायला हवं होतं. मत कोणाचं बदललं? माहितीत तरी कोणाचंच नाही. पण त्यानंतर "तुमच्या लोकांना" हा शब्द वर्गात फारसा ऐकू आला नाही.

दोन गोष्टी सांभाळा. तुमचं स्वतःचं मत शेवटपर्यंत बाहेर काढू नका, मुलं मार्कांकडे बघून बोलायला लागतात. आणि मोबाइल टेबलावर पालथे, शूटिंग नाही. चुकीचं बोलून मग "नाही, माझं चुकलं" म्हणायला जागा पाहिजे ना, ती क्लिप व्हायरल झाली तर कोण म्हणेल?

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे, होस्टेलला राहते. मतदार नोंदणी गावाला करू की इथे?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : दोन्हीपैकी कुठेही चालते, पण एकाच ठिकाणी. होस्टेलच्या पत्त्यावर करायची तर कॉलेजकडून बोनाफाईड घे. सतरा पूर्ण झालीत ना, मग फॉर्म ६ आत्ताच ऑनलाइन भरून ठेव. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा असतात, अठरा पूर्ण झाल्यावर जी पहिली तारीख येईल त्या हिशोबाने नाव लागतं. गाव की होस्टेल हे ठरवताना एवढंच बघ, कुठल्या रस्त्यावरचे खड्डे तुला जास्त माहितीयेत.