जुनी गाडी घेताय? वॉरंटीचं नावही बदलून घ्या
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न (सातारा): चार वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतो आहे. मालक म्हणतात, "पाच वर्षांची एक्सटेंडेड वॉरंटी काढलेली आहे, ती गाडीबरोबर आपोआप येते." एजंटही तेच सांगतो. आरसी माझ्या नावावर झाली की वॉरंटीही होते का?

उत्तर: होत नाही. आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) आरटीओकडे, विमा विमा कंपनीकडे आणि वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे. तिन्हीकडे नाव वेगवेगळं बदलावं लागतं. गैरसमज होतो तो मूळ वॉरंटीमुळे. नव्या गाडीबरोबर मिळणारी पहिल्या दोन-तीन वर्षांची वॉरंटी बहुधा चासी नंबरवर, म्हणजे गाडीवर कोरलेल्या ओळख क्रमांकावर चालते, मालक बदलला तरी तिला फारसा फरक पडत नाही. वर पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी हा मात्र निराळा करार. तिचं प्रमाणपत्र मालकाच्या नावाने निघतं आणि गाडी विकली तर काय करायचं, हे त्याच्या अटींत छापलेलं असतं. काही योजना ठरलेल्या मुदतीत अर्ज आणि फी मागतात, काही आधी गाडीची तपासणी करतात, काही हस्तांतर मुळीच मान्य करत नाहीत. त्यामुळे एजंटच्या शब्दावर जाऊ नका, प्रमाणपत्राची पूर्ण प्रत मागा. पहिलं पान दाखवून भागवतात. अटी मागच्या पानांवर असतात.

टोकन देण्याआधी मालकाला बरोबर घेऊन त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये जा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने चासी नंबर टाकला की गाडीची कुंडली समोर येते. त्यात पाहायचं ते असं: वॉरंटी कुठल्या तारखेला सुरू झाली, कुठल्या तारखेला आणि किती किलोमीटरला संपते, सगळ्या सर्व्हिस वेळेवर झाल्यात का, आणि वॉरंटी मध्येच रद्द तर झालेली नाही ना. हे सगळं छापून किंवा मेलवर घ्या. गाडीवर कोरलेला चासी नंबर आरसीवरच्या नंबराशी ताडून बघा आणि शेवटच्या सर्व्हिसचं किलोमीटर आजच्या मीटरशी. मीटर मागे फिरवलेला असेल तर बहुतेक वेळा इथेच उघडकीला येतो, आणि तसं निघालं तर वॉरंटी विसराच.

"पाच वर्षे" म्हणजे तारीख किंवा किलोमीटर, यांतलं जे आधी येईल ते. मर्यादा एक लाख किलोमीटरची आहे, मीटर ९१,००० दाखवतो आहे आणि तुमचं महिन्याचं फिरणं १,५०० किलोमीटर आहे, असं धरा. कागदावर वर्ष शिल्लक दिसत असलं तरी तुमच्या हातात सहाच महिने आहेत. मोजणी सुरू होते ती बहुधा गाडी पहिल्या मालकाच्या ताब्यात आली त्या दिवसापासून. मॉडेलच्या वर्षाचा त्याच्याशी संबंध नाही. डेमो म्हणून वापरलेली गाडी असेल तर घड्याळ डीलरकडेच सुरू झालेलं असतं.

आता कागद. साधारणपणे लागतात ते असे: मूळ वॉरंटी प्रमाणपत्र, जुन्या मालकाच्या सहीचा हस्तांतराचा अर्ज, दोघांचं ओळखपत्र, तुमचा पत्त्याचा पुरावा, सर्व्हिसच्या नोंदी आणि नव्या नावाची आरसी. घोडं अडतं ते या शेवटच्या कागदावर. फॉर्म २९ आणि ३० (नाव बदलण्याचे आरटीओचे अर्ज) भरल्यावर आरसी हातात यायला वेळ लागतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) यांच्याशिवाय काम पुढे सरकतच नाही. इकडे वॉरंटीच्या अर्जाची मुदत चालूच असते. ही मुदत व्यवहाराच्या तारखेपासून मोजतात की आरसीवर नाव चढल्यापासून, ते अटींत आधी वाचून ठेवा. व्यवहारापासून मोजत असतील तर आरटीओची पावती जोडून अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. आरसी मागाहून जोडता येईल का, हे वर्कशॉपकडून मेलवर विचारून घ्या. तोंडी "हो, होऊन जाईल" याला पुढे काही किंमत नसते.

एक सल्ला आग्रहाने: सगळे पैसे एकदम देऊ नका. वॉरंटीच्या नावाखाली जी जादा रक्कम तुमच्याकडून घेतली जात आहे, तेवढी तरी नव्या नावाचं प्रमाणपत्र येईपर्यंत राखून ठेवा आणि विक्रीच्या करारात तशी ओळ लिहा. एकदा पूर्ण पैसे मिळाले की जुना मालक सहीसाठी सापडेलच असं नाही.

प्रश्न (अकोला): आरसी बदलली की विमाही आपोआप बदलतो, असं ऐकलं आहे. खरं काय?

उत्तर: अर्धं खरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे विमा नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं, पण व्यवहारात हे संरक्षण तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीपुरतं धरलं जातं. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा हवा असेल तर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो. म्हणून फरकाची रक्कम भरावी लागते.

विकणाऱ्यांसाठीही इथेच: आरटीओत नाव बदललं नसेल तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात पडते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. सही केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळं होणं ही सवय सोडा.

प्रश्न (नाशिक): साडेचार वर्षांत फक्त १४,००० किलोमीटर चाललेली गाडी मिळते आहे. एकहाती, आजोबांची. एक्सटेंडेड वॉरंटी आहे. याहून चांगलं काय असणार?

उत्तर: गाडी चांगली असू शकते. वॉरंटीची खात्री मात्र अशाच गाडीत सर्वांत कमी. सर्व्हिसचं वेळापत्रक बहुतेक कंपन्यांत "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते" असं असतं. कमी चालणाऱ्या गाडीचा मालक किलोमीटरकडे बघतो, कॅलेंडरकडे नाही. "चालतेच कुठे, कशाला सर्व्हिस?" म्हणत एखादं वर्ष सुटतं आणि अटींचा भंग होतो. कंपनीचा मुद्दा अगदीच गैरलागू नाही. इंजिन ऑइल नुसतं उभ्या गाडीतही जुनं होतं, आणि रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होणारं इंजिन पुरेसं तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये ओलावा आणि पेट्रोल साचत जातं.

सर्व्हिसच्या तारखा एकेक करून बघा. दोन सर्व्हिसमध्ये वर्षाहून जास्त अंतर दिसलं तर अटींत किती दिवसांची सवलत आहे ते पाहा, आणि वॉरंटी आजही चालू आहे का, याचं लेखी उत्तर वर्कशॉपकडून घ्या. बाहेरच्या गॅरेजमध्ये केलेली सर्व्हिस कंपनीच्या नोंदीत दिसत नाही. तिची बिलं कितीही नीट लावलेली असली तरी वॉरंटीसाठी ती बहुधा धरत नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर): गोव्याची नोंदणी असलेली गाडी घेतोय. नंबर बदलल्यावर वॉरंटी चालेल?

उत्तर: नंबर प्लेट बदलल्याने वॉरंटी जात नाही, कारण कंपनी गाडी ओळखते ती चासी नंबरवरून. पण वर्कशॉपच्या नोंदीत नवा नंबर आणि नवं नाव, दोन्ही चढवून घ्यावं लागतं. तुमचा खरा वेळ आरटीओत जाणार. गोव्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, मग इथे नावावर करणं, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर. राज्याबाहेरच्या विक्रीत विकणाऱ्याला कळवण्यासाठी ४५ दिवस मिळतात (राज्यातल्या राज्यात १४). वॉरंटीची मुदत त्यामुळे वाढेल असं समजू नका. व्यवहाराच्या दिवशीच वर्कशॉपला अर्ज द्या. आणि वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे की गोव्यातल्या डीलरची स्वतःची योजना, हे आधी बघा. डीलरची असेल तर कोल्हापुरात तिचा उपयोग होण्याची शक्यता कमीच.

प्रश्न (ठाणे): आधीच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवलं होतं, पण आता काढलं आहे. आता वॉरंटी पुन्हा लागू होते ना?

उत्तर: किट काढलं तरी खुणा राहतात आणि वर्कशॉपला त्या पाच मिनिटांत दिसतात. सिक्वेन्शियल किटच्या नळ्यांसाठी इनटेक मॅनिफोल्डला छिद्रं पाडलेली असतात, ती नंतर बुजवतात. इंजेक्टरच्या वायरी सोलून जोड दिलेले असतात, वर काळी टेप. डिकीतला गालिचा उचलला की टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टची भोकं. आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" असंच राहिलेलं असू शकतं, तेही बघा.

बाहेरचं किट बसलं की इंजिन, इंधनयंत्रणा आणि वायरिंगची वॉरंटी सहसा संपते, आणि संपलेली पुन्हा उगवत नाही. कंपनीतून आलेल्या सीएनजी गाडीला हे लागू नाही. हेडलाइटच्या किंवा म्युझिक सिस्टिमच्या वायरी कापून बसवलेल्या वस्तूंचंही असंच, फक्त तिथे बहुधा त्या भागापुरताच दावा नाकारतात.

प्रश्न (पुणे): जुन्या गाड्यांच्या शोरूममधून घेतोय. ते स्वतः एक वर्षाची वॉरंटी देतात. मग जुन्या मालकाची वॉरंटी नावावर करायची गरज आहे?

उत्तर: शिल्लक असेल तर दोन्ही घ्या. शोरूमची वॉरंटी अनेकदा इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती असते, शिवाय वर्षभरातल्या एकूण दाव्यांवर रकमेची मर्यादा असते. कंपनीच्या वाढीव वॉरंटीत एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंग, इसीयू (इंजिनाचा संगणक), अल्टरनेटर असे महागडे भागही बहुतेक वेळा येतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर हे झिजणारे भाग दोन्हींत नसतात.

किंमत किती द्यावी? साध्या पेट्रोल इंजिनाच्या, मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी वॉरंटीच्या उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, त्याहून जास्त नाही. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक किंवा टर्बो डिझेल असेल तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही. ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या एका दुरुस्तीचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं.

गाडी अजून मूळ वॉरंटीत असेल आणि आधीच्या मालकाने वाढीव घेतलीच नसेल, तर नाव बदलल्यावर तुम्ही स्वतः ती विकत घेऊ शकता का, तेही विचारा. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपण्याआधी ती देतात.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला "आजीवन वॉरंटी" आहे. ती मला मिळेल?

उत्तर: आजीवन म्हणजे इथे पहिल्या मालकापुरती. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये दुसऱ्या मालकाला ती १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटर होते. एमजी विंडसरमध्ये ८ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटर. वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजतील असं धरू नका, गाडी नवी होती तेव्हापासूनच धरा. अधिकृत वर्कशॉपमधून बॅटरीच्या क्षमतेचा, म्हणजे एसओएचचा अहवाल घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. जुन्या मालकाच्या मोबाइल अ‍ॅपमधून गाडी काढून तुमच्या अ‍ॅपमध्ये जोडून घ्या, नाहीतर गाडीची माहिती त्यांनाच जात राहील.

प्रश्न (सांगली): वडील गेले. गाडी आईच्या नावावर करतोय. वॉरंटीचं काय?

उत्तर: वारसाने नाव बदलणं हेही हस्तांतरच. आरटीओत फॉर्म ३१ लागतो. मृत्यूची माहिती ३० दिवसांत द्यायची आणि नाव बदलण्याचा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा. वर्कशॉपला मृत्यूचा दाखला, नवी आरसी आणि आईचं ओळखपत्र द्या. वारसाच्या बाबतीत फी घेतात का, ते विचारा.

प्रश्न (लातूर): नाव बदललं होतं, सर्व्हिसही वेळेवर. तरीही स्टिअरिंगचा दावा नाकारला. पुढे काय?

उत्तर: आधी नकार लेखी घ्या आणि त्यात कुठल्या अटीवर नाकारलं ते लिहून मागा. जॉब कार्डची (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीची) प्रत, हस्तांतराची पोच आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल करा. उत्तर समाधानकारक नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथेही न सुटल्यास तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि तुम्ही मोजलेली किंमत (कायद्याच्या भाषेत मोबदला) पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. या काळात स्टिअरिंग बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडू नका. अगदीच गाडी अडली असेल तर आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, कंपनीला मेलने कळवा आणि काढलेला जुना भाग स्वतःकडे ठेवा.