मुलांना दगड झालेले झाड दाखवताना

मुलांना जीवाश्मांची पहिली ओळख ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात करून देण्याचा तुमचा विचार अगदी योग्य आहे. मात्र उद्यानातून जाणारा सुमारे ४५ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. दक्षिणेकडील संग्रहालयामागच्या ‘जायंट लॉग्ज’ या छोट्या पायवाटेपासून सुरुवात करावी आणि एखाद्या ओंडक्यावर मुलांना हात ठेवू द्यावा. डोळ्यांना साल दिसते, हाताला मात्र थंडगार दगड लागतो. २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी नदीच्या गाळात गाडल्या गेलेल्या या झाडांत पाण्यातील सिलिका (वाळूत असते ते खनिज) झिरपली, लाकडाच्या जागी गारगोटी तयार झाली आणि लोहामुळे तिला तांबडा-पिवळा रंग चढला, हे तेव्हाच सांगावे. घरी आधी सांगितलेले मुले विसरतात. उद्यानातील ‘ब्लू मेसा’ या टेकड्यांचे निळसर-जांभळे पट्टे उन्हे कलल्यावर पाहावेत, पण उद्यानाचे दरवाजे बंद होण्याची वेळ आधी विचारून घ्यावी. पाणी भरपूर न्यावे. लहानसा तुकडाही उचलण्यास मनाई आहे, म्हणून वही आणि रंगखडू सोबत असू द्यावेत; माझी मुलगी एका चमकत्या तुकड्यासाठी रडली, तेव्हा तिला त्याचे चित्र काढायला बसवले होते, आणि ते पान तिने आजही जपून ठेवले आहे.