एअर फ्रायरमध्ये चिकन विंग्ज वातड होतात आणि वरचा मसाला करपतो. कुरकुरीत, झणझणीत कसे करायचे?

तुम्ही लिहिलंय की दही, लिंबू, आलं-लसूण आणि भरपूर तिखट लावून विंग्ज रात्रभर मुरवले, 180 अंशांवर 20 मिनिटं लावले, आणि हाती आली रबरासारखी कातडी आणि वर काळा पडलेला मसाला. वरून करपलेलं आणि आतून ओलं असा दुहेरी पराक्रम मीही केलाय, तोही पाहुणे समोर बसलेले असताना. तेव्हा आधीच सांगते, मशीन बदलू नका. दही आणि लिंबू बाजूला ठेवा. तिखटाची बाटलीही थोडा वेळ कपाटातच राहू द्या.

विंग्जमध्ये कुरकुरीत होते ती कातडी. तिच्यात पाणी असतं, चरबी असते आणि कोलॅजन असतं, म्हणजे तिला चिवटपणा देणारं प्रथिन. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, कारण सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. खमंग तांबूस रंग यायला साधारण 140 अंशांच्या पुढे जावं लागतं. दह्याचा थर म्हणजे आपण होऊन लावलेलं पाणी. शिवाय आंबट गोष्टींमुळे रंग चढायलाही उशीर होतो. तळताना गरम तेल चहूबाजूंनी एकदम भिडतं, त्यामुळे पाणी झपाट्याने उडून जातं. एअर फ्रायर नावाने फ्रायर असला तरी प्रत्यक्षात ती जोरदार पंखा असलेली छोटी भट्टी आहे: वर कॉइल, तिच्याजवळ पंखा, खाली जाळीची बास्केट. त्यात गरम हवा फिरते, आणि हवा तेलाइतक्या चटकन उष्णता देत नाही. म्हणून पाणी घालवण्याचं काम आपल्याला आधीच, फ्रिजमध्ये करून ठेवावं लागतं.

आणखी एक. विंग्ज कातडीसकट आणा. कातडी काढलेल्या विंग्जचं काय करायचं ते खाली लिहिते, पण ती तडजोड आहे.

मी 1 किलो घेते. आख्खे असतील तर साधारण 10 ते 12 येतात. सांध्यावर बोटाने चाचपलं की खाच लागते, तिथे सुरी टेकवून दाबली की हाडाला न लागता दोन भाग होतात. टोकाचा बारीक तुकडा जळतोच, तो मी सूपसाठी बाजूला ठेवते. नळाखाली धुऊ नका. सवय मोडायला जड जातं, मला माहीत आहे, पण धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. शिवाय आपल्याला चिकन कोरडं करायचंय, आंघोळ घालायची नाही. कागदी टॉवेलने प्रत्येक तुकडा टिपून घ्या. दमट वाटला तर टॉवेल बदलून पुन्हा टिपा.

आता 1 किलोला दीड चहाचा चमचा मीठ आणि दोन सपाट चमचे बेकिंग पावडर. पावडर, सोडा नव्हे. मी एकदा घाईत डब्यांची अदलाबदल केली होती. रंग असा सुंदर आला की मी फोटोही काढला, आणि पहिल्याच घासाला तोंडात साबणाचा फेस झाल्यासारखी कडू चव. सोडा कितीतरी पट तीव्र असतो, तो या प्रमाणात चालत नाही. बेकिंग पावडरने कातडीचा पृष्ठभाग किंचित अल्कधर्मी होतो, त्यामुळे रंग लवकर चढतो, आणि ओलाव्याशी संयोग होऊन वायूचे बारीक बुडबुडे तयार होतात. कातडीवर नंतर जे खडबडीत फोड दिसतात, ते त्यातूनच आलेले. मिळाली तर अ‍ॅल्युमिनियम नसलेली पावडर घ्या, दुसरीची कधी कधी धातूसारखी चव मागे राहते. सोबत थोडी मिरपूड चालेल. बाकी मसाला आत्ता काही नाही.

मग हे तुकडे जाळीवर, एकमेकांना न चिकटवता, झाकण न ठेवता फ्रिजमध्ये. खाली ताट ठेवा आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे ठिबकलं तरी इतर अन्नावर जाणार नाही. आठ तास मिळाले तर उत्तम, रात्रभर आणखी बरं. मीठ आधी पाणी बाहेर खेचतं, मग त्यातलं बरंचसं मांस परत शोषून घेतं, आणि फ्रिजची कोरडी हवा वरचं उडवून लावते. दुसऱ्या दिवशी कातडी ताणलेली आणि स्पर्शाला कागदासारखी लागते. तुम्ही रात्रभर मुरवायला तयार होताच, तोच वेळ इथे वापरा. अगदीच वेळ नसेल तर निदान तासभर. तासाभरात जमतं, पण फरक खाताना कळतो.

फ्रायर तीन-चार मिनिटं रिकामा तापवून घ्या. बास्केटमध्ये तुकडे एकाच थरात, मध्ये बोटभर जागा सोडून. इथे सगळ्यांचा हात ढिला पडतो. किलोभर एकदम कोंबले की सुटणारी वाफ बाहेर पडत नाही आणि विंग्ज भाजण्याऐवजी उकडले जातात. बहुतेक घरगुती फ्रायरमध्ये अर्धा किलोच नीट मावतो, म्हणजे दोन घाणे काढायचे. बास्केटमध्ये कागद किंवा फॉइल अंथरू नका, भोकं त्यासाठीच ठेवली आहेत. तेलही लागत नाही. कातडीतली चरबी वितळते ती पुरते. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल तर नकोच, त्यातल्या इतर घटकांचा चिकट थर बसून नॉनस्टिक लेप खराब होतो.

आधी 180 अंशांवर 12 मिनिटं. या टप्प्यात चरबी सुटते आणि कोलॅजन सैल व्हायला लागतं. तुकडे उलटा. मग 200 अंशांवर 8 ते 10 मिनिटं, मधे एकदा बास्केट हलवून. तुम्ही थेट 180 वरच सगळं उरकलंत, म्हणून शेवटचा जोराचा झटका मिळालाच नाही. पुस्तकी हिशेबाने चिकन आतून 74 अंशांना पोचलं की सुरक्षित, पण विंग्ज तिथेच काढले तर हाडाजवळ चिवट लागतात. 85 ते 90 अंशांपर्यंत जाऊ द्या. छातीचं मांस एवढ्यात कोरडंठाक होईल, विंग्जचं होत नाही, कारण त्यांच्यात चरबी आणि कोलॅजन भरपूर. थर्मामीटर असेल तर मांसल भागात खुपसा, हाडाला टेकवू नका. नसेल तर तुकडा हाडावर पिळून बघा, मांस सहज सुटायला हवं. प्रत्येक फ्रायर वेगळा तापतो, तेव्हा पहिल्या खेपेला शेवटची पाच मिनिटं स्वयंपाकघर सोडू नका.

पांढरा धूर येऊ लागला तर घाबरू नका. खाली साठलेली चरबी तापून धूर सोडते. बास्केटखालच्या खणात दोन-तीन चमचे पाणी किंवा पावाचा एक तुकडा आधीच ठेवला की थांबतं. पाव मी जास्त पसंत करते, साफ करायला सोपं पडतं.

आता तिखट, ज्यासाठी तुम्ही मुळात विचारलंत. मिरचीची पूड, लसूण, मध, साखर या सगळ्या गोष्टी 200 अंशांच्या हवेत, वरच्या कॉइलच्या इतक्या जवळ, वीस मिनिटं तग धरत नाहीत. तुमचा मसाला त्यामुळेच काळा पडला. अमेरिकेतल्या बफेलो शहरात 1964 पासून चालत आलेले प्रसिद्ध विंग्जही याच क्रमाने होतात: पिठाशिवाय तळायचे, आणि बाहेर काढल्यावर बटर आणि हॉट सॉसमध्ये घोळायचे. झणझणीतपणा शेवटी.

1 किलोला 50 ग्रॅम बटर मंद आचेवर वितळवा, त्यात दोन पाकळ्या ठेचलेला लसूण अर्धा मिनिट, मग एक चमचा लाल तिखट आणि लगेच गॅस बंद. मिरचीतला झोंबणारा घटक कॅप्साइसिन, तो पाण्यापेक्षा चरबीत चांगला विरघळतो, म्हणून बटरमध्ये तिखट सारखं पसरतं आणि एखाद्याच तुकड्याने डोळ्यांत पाणी आणलं असं होत नाही. वर तीन-चार मोठे चमचे हॉट सॉस. तो नसेल तर मोठा चमचाभर व्हिनेगर आणि आणखी तिखट. मध आवडत असेल तर तोही इथेच घाला. सॉस कोमट असू द्या, थंड झाला की बटर गोठून ढेकळं होतात. मोठ्या पातेल्यात विंग्ज टाका, सॉस ओता, दोनदा उडवा, आणि ताबडतोब खायला घ्या. सॉस लागल्यापासून कुरकुरीतपणाचं घड्याळ उलटं सुरू होतं, माझ्या अनुभवात दहा मिनिटांत ते संपतं.

म्हणून घरी खाणाऱ्यांचा भरवसा नसेल तेव्हा मी कोरडा मसालाच करते: तिखट, मिरपूड, लसूण पावडर, चिमूटभर साखर आणि थोडं मीठ. विंग्ज बाहेर आल्या आल्या वर चरबी चकाकत असते, तेव्हाच भुरभुरायचा. तो चिकटतो आणि कातडी ओली करत नाही. खरं सांगायचं तर मला हेच जास्त आवडतात, सॉसचे फक्त फोटोत छान दिसतात.

कातडी नसलेलेच मिळाले, तर टिपून घ्या, मीठ लावा, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घोळवा आणि वरून एक मोठा चमचा तेल नीट चोळा. कोरडं पीठ दिसलं की ते तसंच पांढरं, कच्चं राहतं, कारण हवेने पीठ तळलं जात नाही. पातळ पिठात बुडवण्याचा विचारही नको, ते जाळीतून खाली गळतं.

दोन घाण्यांत पहिला थंड होतो, याची काळजी करू नका. पहिला काढला की जाळीवर उघडाच ठेवा. ताटात रचून झाकलात तर खालचे वाफेने मऊ पडतात. दुसरा झाला की दोन्ही एकत्र बास्केटमध्ये टाकून 200 अंशांवर दोन मिनिटं. इथे गर्दी झाली तरी चालते, पाणी आधीच गेलेलं असतं. उरलेले दुसऱ्या दिवशी 180 अंशांवर चार-पाच मिनिटांत पुन्हा ठीक होतात. मायक्रोवेव्हला मात्र दाखवूसुद्धा नका. सॉस लावलेले उरले तर त्यांची कुरकुर परत येत नाही. ते मी गरम करायच्या भानगडीत न पडता, फ्रिजचं दार धरून तसेच थंडगार खाते.