संमती, सहमती की परवानगी?

सांगलीतल्या एका शाळेच्या क्रीडाशिक्षिकेनं विचारलं आहे: 'मुलींच्या फुटबॉल संघाबरोबर असणारे प्रशिक्षक, व्यवस्थापक, पदाधिकारी यांनी कसं वागावं याची नियमावली मराठीत करतेय. इंग्रजी मसुद्यात जिथं कन्सेंट आहे तिथं संमती लिहू, सहमती लिहू की परवानगी? स्पेनच्या त्या प्रकरणात सहमतीने चुंबन असं वाचल्याचं आठवतं, ते बरोबर का? आणि मिसकंडक्टला गैरवर्तन पुरेल का?'

मॅडम, आधी उत्तर देतो, मग कारणं. मोठ्या माणसांबद्दल लिहिताना संमती. सहमती नको. गैरवर्तन एकटं पुरणार नाही. पण तुमच्या संघातल्या मुली चौदा-पंधराच्या असतील, तर त्यांच्या नियमात संमती हा शब्दही जपून वापरावा लागेल. तिथं परवानगीला जागा आहे.

सहमतीपासून सुरुवात करू. 'मी तुमच्याशी सहमत आहे' म्हणजे माझं मत तुमच्या मताशी जुळलं. जागावाटपावर सहमती होते, सभेत ठरावावर सहमती होते. त्यात दोन्ही बाजू बसलेल्या असतात, दोघांनाही बोलता येतं आणि दोघंही उठून जाऊ शकतात. हिंदी बातम्यांत सहमति सर्रास चालतो, तिथूनच तो आपल्या बातम्यांत शिरला असावा. संमतीची रचना वेगळी. संमती एकजण मागतो आणि दुसरा देतो किंवा देत नाही. ज्याचं काही पणाला लागलेलं असतं त्याची संमती, आणि ती आधी घ्यायची. ऑपरेशनच्या कागदावर रुग्णाची सही संमती म्हणून घेतात. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात सहमती झाली असं तिथं कुणी लिहीत नाही.

आता स्पेनकडे. 20 ऑगस्ट 2023 ला सिडनीत महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेननं इंग्लंडला 1-0 नं हरवलं. पदकं देताना स्पॅनिश महासंघाचे अध्यक्ष लुइस रुबियालेस यांनी जेनी एर्मोसो या खेळाडूचं डोकं दोन्ही हातांत धरून तिच्या ओठांचं चुंबन घेतलं. सगळ्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं. पाच दिवसांनी महासंघाच्या सभेत ते म्हणाले की हे उत्स्फूर्त होतं, परस्पर होतं, आनंदाच्या भरात होतं आणि 'कोन्सेंतिदो', म्हणजे संमतीचं, होतं. शिवाय तो साधा 'पीको' होता. पीको म्हणजे ओठांचा नुसता स्पर्श. आपल्याकडे लहान पोराचा पापा घेतात, साधारण त्या वजनाचा शब्द. एर्मोसो यांनी त्याच दिवशी निवेदन काढलं: आपण कोणत्याही क्षणी संमती दिलेली नव्हती.

ही बातमी मराठीत लिहिताना 'सहमतीने चुंबन' लिहिलं की लिहिणारा नकळत एका बाजूला जाऊन बसतो. महासंघाचा अध्यक्ष आणि त्याच्या संघातली खेळाडू यांना तो शब्द बरोबरीच्या खुर्च्यांवर बसवतो. खेळाडूची निवड, करार, पदक, सगळं ज्याच्या संस्थेच्या हातात, त्याच्याशी हजारो लोकांसमोर, एका क्षणात कसली सहमती होणार? 'अध्यक्षांच्या म्हणण्यानुसार तिची संमती होती, तिच्या म्हणण्यानुसार नव्हती' असं लिहिलं की वाद नेमका कशावर आहे ते कळतं.

माझा खरा राग मात्र त्या 'ने' प्रत्ययावर आहे. 'संमतीने' असं मोघम लिहिलं की कुणाच्या संमतीनं हा प्रश्न वाक्यात उरतच नाही. संमती जणू हवेत होती आणि तिच्यात ते घडलं. म्हणून माझा आग्रह असा, की संमतीच्या आधी षष्ठी यायलाच हवी. तिच्या संमतीनं, खेळाडूच्या संमतीनं. त्याहून बरं म्हणजे क्रियापद वापरा: 'तिनं संमती दिली' किंवा 'दिली नाही'. 'संमती घेतली' या वाक्यात कर्ता घेणारा असतो, आणि घेतली म्हणणारा बहुतेक वेळा तोच असतो. रुबियालेस यांचंही म्हणणं हेच होतं, की मी विचारलं आणि ती ठीक आहे म्हणाली. फेब्रुवारी 2025 मध्ये माद्रिदच्या न्यायालयानं एर्मोसो यांचं म्हणणं ग्राह्य धरलं, लैंगिक आक्रमणाच्या गुन्ह्यात रुबियालेस यांना दोषी ठरवून 10,800 युरो दंड केला. संघाच्या बसमध्ये खेळाडू त्यावर हसत-विनोद करत होत्या असा व्हिडिओही बचावासाठी पुढे आला होता. 'हसली ती फसली' हे आपल्याकडचंच तत्त्वज्ञान आहे असं समजू नये. चुंबन संमतीचं होतं असं सांगण्यासाठी एर्मोसो यांच्यावर दबाव आणल्याच्या आरोपातून मात्र रुबियालेस आणि त्यांचे तीन सहकारी सुटले, हेही नोंदवायला हवं.

स्पेनमध्ये 2022 साली जो कायदा झाला त्याला लोक 'सोलो सी एस सी' म्हणतात. फक्त हो म्हणजेच हो. आपली जुनी शिकवण याच्या बरोबर उलटी: मौनं संमतिलक्षणम्. हे वचन भोजनाच्या आग्रहात शोभतं. ते न्यायालयात गेलं तेव्हा काय झालं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 1972 मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जातो. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, ओरडा झाला नाही, तेव्हा संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा मला शब्दचर्चेचा नमुना वाटतो. संमतीत मान तुकवणं येतं, पण मान तुकवली म्हणजे संमती दिली असं होत नाही. पोलीस ठाण्यात, पोलिसापुढं, गरीब मुलगी गप्प राहिली तर त्या गप्प राहण्याला संमती म्हणायचं का? त्या पत्रानंतर देशभर आंदोलन झालं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. 2013 च्या दुरुस्तीत तर बलात्काराच्या कलमात संमतीची व्याख्याच आली: शब्दांनी, खुणेनं किंवा अन्य रीतीनं व्यक्त झालेला, निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार. आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हेही स्पष्ट झालं.

आपल्या व्यवहारात 'हरकत नसणे' आणि 'संमती असणे' हे वेगळं असल्याचं आपल्याला चांगलं कळतं. एक गुंठा विकायचा असला तरी खरेदीखतात लिहून देणारा म्हणतो: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, नशापाणी न करता लिहून दिले असे. दस्तलेखकाच्या या घोळदार वाक्यात संमतीच्या सगळ्या अटी आल्या. मर्जी हवी, समज हवी, दबाव नको, शुद्ध हवी. जमिनीच्या बाबतीत 'तो काही बोलला नाही, म्हणून घेतली' असं सांगून बघा, दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर काढतील.

राजीखुशीवरून आठवलं. स्पेनच्या त्या सभेत रुबियालेस 'मी राजीनामा देणार नाही' हे पाच वेळा म्हणाले. आपला राजीनामा मुळात संमतीचाच कागद आहे. पेशवाईत वाद पंचायतीपुढं गेला की दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत, म्हणजे पंच जो निवाडा देतील तो आम्हाला मान्य. पुढं इंग्रजी अमलात जमिनीवरचा हक्क आपखुशीनं सोडून देणारा कागद राजीनामा झाला, आणि तिथून नोकरी-पद सोडण्याचा. अध्यक्षांनी 10 सप्टेंबरला तो दिला. त्यात राजी किती होती हे फिफाच्या आधीच्या निलंबनावरून ओळखावं. हे विषयांतर झालं खरं, पण शब्दाच्या नादी लागलेल्यांना एवढी मुभा असावी.

आता गैरवर्तन. हा शब्द फारच ऐसपैस आहे. पंचांशी हुज्जत घातली तर गैरवर्तन, वसतिगृहात रात्री दंगा केला तर गैरवर्तन, आणि मुलीच्या खोलीत शिरलं तरी गैरवर्तन. जून 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींचा भारतीय संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना एका प्रशिक्षकाला निलंबित करून परत बोलावलं गेलं. महासंघाच्या पहिल्या निवेदनात शब्द होता मिसकंडक्ट. नेमकं कशाबद्दल, ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. जुलैत त्याला बडतर्फ केलं तेव्हा लैंगिक हा शब्द उघडपणे पुढं आला. तुमच्या नियमावलीत 'गैरवर्तन' शीर्षकात ठेवा हवं तर, पण खाली 'लैंगिक छळ' लिहाच. 2013 च्या कामाच्या ठिकाणच्या कायद्याच्या मराठी नावातही तेच शब्द आहेत. छेडछाड नको, त्यात खोडी काढल्याचा वास येतो.

विनयभंगाचं काय, असं तुम्ही पुढं विचाराल. तो कायद्यातला शब्द आहे, पोलीस तोच लिहितील, त्याला इलाज नाही. पण भंग होतो तो तिच्या विनयाचा. करणाऱ्याच्या उद्धटपणाला त्यात शब्द नाही. 1988 मध्ये चंदीगडच्या एका मेजवानीत पंजाबचे पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या सनदी अधिकारी बाईंना मागून चापट मारली. उच्च न्यायालयानं तक्रारच रद्द केली होती, क्षुल्लक बाब या अंगानं. सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा उभी केली, 1996 मध्ये दोषसिद्धी झाली आणि 2005 मध्ये ती कायम झाली. यातल्या बऱ्याच काळात, 1994 पासून 2008 पर्यंत, गिल भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष होते. क्षुल्लक काय आणि पीको काय, दोन्ही एकाच टाकसाळीतली नाणी.

राहिली परवानगी. ती नेहमी वरून खाली येते. साहेब देतात, शिपाई मागतो. म्हणूनच 'खेळाडूची परवानगी घ्या' हे ऐकताना जुन्या वस्तादांना खटकतं, आणि म्हणूनच मला ते आवडतं. स्वतःच्या अंगाच्या बाबतीत साहेब ती पोरगी. शिवाय शाळेतल्या मुलींना संमतिपत्र म्हणजे सहलीच्या आधी वडील सही करतात तो कागद, एवढंच ठाऊक असतं. संमती म्हटलं की 'ती पप्पांची असते' असंच त्या समजतील. यात त्यांचा दोष नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक-आगरकरांत एवढं रणकंदन झालं, पण दहाचं वय बारा करावं की नाही यावर पुरुषच भांडत होते. ज्या मुलींच्या संमतीचं नाव कायद्याला होतं, त्यांचं मत कुणी विचारलं नाही.

तुमच्या मसुद्यातला एक शब्द मात्र मी काढायला सांगेन: 'शिवाय'. 'खेळाडूच्या संमतीशिवाय कोणतेही लैंगिक वर्तन करू नये' हे वाक्य प्रौढ संघासाठी चालेल. शाळेच्या संघासाठी ते घातक आहे, कारण 'शिवाय' म्हटलं की संमती असेल तर चालेल अशी फट उरते. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलामुलींची संमती हा बचावच होत नाही. तिथं वाक्य सरळ लिहा: 'खेळाडूशी कोणतेही लैंगिक वर्तन करू नये.' बस. संमतीचा उल्लेख नको.

परवानगी लागेल ती दुखापत तपासताना किंवा उभं राहण्याची ढब दुरुस्त करताना: 'हात लावण्याआधी का लावतो ते सांगावे, विचारावे, आणि खेळाडू नको म्हणाली की थांबावे.' मुलींना वाचून दाखवताना 'नगं म्हटलं की थांबायचं' असं म्हणा, व्याकरणाची मी जबाबदारी घेतो.

लेखनाचंही सांगून टाकतो. सुटा शब्द संमती, दीर्घ. समासात ऱ्हस्व: संमतिपत्र, संमतिवय. सन्मती वेगळी, ती सद्बुद्धी. आणि फलक रंगवून घेणार असाल तर कागदावर ठळक लिहून द्या. रंगवणारे अनुस्वार एक घर पुढं सरकवून 'समंती' करतात, आणि शिडीवरून उतरल्यावर दुरुस्तीचे पैसे वेगळे मागतात.